एक फूट सोयाबीन, सात फूट कापूस

वऱ्हाडात पिकअप शोरूममधून जशी निघते तशी ती फार दिवस राहत नाही. एमएच-२७ असो की एमएच-३०, पहिला हंगाम संपेपर्यंत हौद्यावर अँगलचा सांगाडा उभा राहतो, फरशीवर जाड पत्रा बसतो, मागच्या पाट्यांत एखादा पाटा वाढतो, टपावर कॅरिअर येते आणि हेडलाइटचे मूळ बल्ब जाऊन तिथे पांढरेफटक एलईडी लागतात. यातले निम्मे काम घरच्या अंगणात होते आणि उरलेले रस्त्याकडेच्या वेल्डरकडे, मालक शेजारी उभा राहून माप सांगत असताना. या सगळ्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. कंपनीचे माहितीपुस्तक, विमा कंपनी आणि परिवहन कार्यालय एका सुरात सांगतात की गाडीला हात लावू नका. गाडीवाले म्हणतात की हात लावल्याशिवाय धंदाच होत नाही. या पुस्तिकेला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. बदल करावा की करू नये हा वाद वऱ्हाडातल्या गाडीमालकांनी केव्हाच निकालात काढला आहे. उरतो तो प्रश्न असा की केलेल्या बदलाला सुधारणा कधी म्हणायचे. या प्रस्तावनेत एकच म्हणणे मांडायचे आहे. गाडीला त्या-त्या वेळच्या मालाशी जुळवून घेणारा बदल ही सुधारणा आहे. गाडीची ताकद वाढल्याचा भास निर्माण करणारा बदल ही सुधारणा नाही, मग तो कितीही नीट वेल्ड केलेला असो. आणि अनुभवाला येणारी गोष्ट अशी की पहिल्या प्रकारचे बदल बहुधा काढता-घालता येतात, दुसऱ्या प्रकारचे कायमचे बसवलेले असतात.

हे म्हणणे इतर प्रदेशांपेक्षा इथे जास्त लागू पडते, आणि त्याचे कारण पिकांत आहे. पिकअपचा हौदा ढोबळमानाने नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरू. त्यात एक फूट उंचीपर्यंत सोयाबीन भरले तर साधारण १.४ घनमीटर माल होतो. सोयाबीनचे वजन घनमीटरला ७०० ते ७५० किलो, म्हणजे फक्त एक फूट थराचे वजन एक टनाच्या आसपास गेले. कापसाचे गणित याच्या अगदी उलटे आहे. वेचून आणलेला, पायाने दाबून भरलेला कापूस घनमीटरला जेमतेम १०० किलो भरतो. त्याच हौद्यात कापसाचे एक टन वजन व्हायला सात फूट उंची लागते. ऑक्टोबरपासून दोन्ही पिके एकाच गाडीतून, कधीकधी एकाच आठवड्यात, बाजार समितीत आणि जिनिंगमध्ये जातात. कापसाला जागा कमी पडते, सोयाबीन-तुरीला ताकद. म्हणून कापसासाठी उंच केलेली बाजू सोयाबीनच्या दिवशी निव्वळ मोह ठरते. कंपनीने दिलेल्या फाळक्याच्या कडेपर्यंत सोयाबीन भरले तरी १.३ टन क्षमतेची गाडी भारावर गेलेली असते, मग चार फुटी जाळीच्या गाडीत काय होत असेल याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. याच्या जोडीला वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा या पट्ट्यातला संत्रा आहे. त्याला उंची नको, फार ताकदही नको, त्याला धक्का नको. तीन पिकांच्या तीन मागण्या, त्याही एकमेकींच्या विरोधात, आणि गाडी एकच. पंजाबातल्या गव्हाच्या किंवा कोल्हापुरातल्या उसाच्या गाडीवाल्याला हा पेच एवढा टोकदार जाणवत नसावा.

हा पेच नवा नाही, आणि त्याचे उत्तरही इथेच सापडलेले होते. वऱ्हाडातली बंडी पाहिली तर तिचा सांगाडा, कणा आणि चाके ठरलेली असत. बदलत असे ते वरचे. कापूस किंवा शेणखत न्यायचे तर बांबूचे तट्टे उभे करायचे, पोती न्यायची तर तट्टे काढून ठेवायचे, कडबा न्यायचा तर बाजूचे खुंटे तेवढे ठेवून वर दोर आवळायचा. सुताराने कापसासाठी बंडीला कायमच्या भिंती ठोकल्या असे झाले नाही. कारण उघड होते: बैलाची ताकद वाढत नाही हे सगळ्यांना दिसत होते. बैल बसला की भार जास्त झाला, हा न्याय तिथल्या तिथे होत असे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या रांगा लागल्या, तेव्हाही बंडीची रचना हीच होती. पुढे रबरी टायर आले, ट्रॅक्टर-ट्रॉली आली, आणि मुख्य लाइनपर्यंत कापूस पोचवण्यासाठी घातलेली अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही शकुंतला रेल्वे थंडावली. मे २००५ मध्ये टाटा एस आली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले, आणि शेतातून जिनिंगपर्यंतची फेरी चारचाकी छोट्या गाडीच्या आवाक्यात आली. त्याहून मोठी पिकअप त्याच वाटेने गावोगावी पोचली. यात सोय प्रचंड झाली, पण भाराची खबर देणारा बैल मध्ये राहिला नाही. डिझेल इंजिन कुरकुर न करता दुप्पट भार ओढते. ओढता येणे आणि पेलता येणे यांतला फरक गाडीवाल्याला दाखवणारे कोणी उरले नाही, आणि घरगुती बदलांतल्या बहुतेक चुका याच फरकातून निघतात.

सर्वांत लोकप्रिय बदल घेऊ: मागे पाटा वाढवणे. गाडी भरल्यावर मागून बसते, टायर आतल्या पत्र्याला घासतो, म्हणून मेकॅनिक एक-दोन पाटे घालून देतो आणि गाडी पुन्हा सरळ उभी राहते. मालकाला वाटते ताकद वाढली. प्रत्यक्षात वाढला तो ताठरपणा. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला तर ताठरपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. जाड पाटा घातला तर फरक फारच मोठा पडतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दुप्पट जाडीचा एक पाटा आठ पाट्यांचे काम करतो. पण भार पाट्याशी थांबत नाही. पाट्यातून तो एक्सलच्या हाउसिंगवर, बेअरिंगवर, रिमवर, टायरवर आणि दुसऱ्या बाजूने चेसिसवर जातो, आणि यांपैकी एकाचीही ताकद पाटा घातल्याने वाढलेली नसते. आधी पाटा तुटत होता, आता तो तुटत नाही. तुटण्याची जागा पुढे सरकली एवढेच. पाटा तुटला तर गाडी रस्त्याकडेला उभी राहते. बेअरिंग किंवा एक्सल धावत्या गाडीत गेले तर गाडी कुठे थांबेल हे चालकाच्या हातात नसते. माझ्या मते पाटा हा गाडीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक भाग आहे, आणि आपण नेमके त्यालाच गप्प बसवतो.

याच्या पुढचा परिणाम त्याहून लपलेला आहे. अनेक हलक्या मालवाहू गाड्यांत मागच्या एक्सलशी दांडीने जोडलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी घसरत नाही. भरलेली असेल तर दाब पूर्ण. पाटे वाढवले की हौदा बसत नाही, आणि दोन टन मालाखालीही व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. ब्रेक लायनर नवे, ड्रम नवे, तेल बदललेले, तरी भरलेली गाडी लवकर थांबत नाही अशी तक्रार आली तर मेकॅनिकने आधी पाटे मोजावेत. उलट बाजूने, बाजारात माल उतरवून रिकामी परतणारी ताठर गाडी खड्ड्यावरून उडते, मागचे चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? संत्र्याच्या दिवशी याच गाडीत वरच्या क्रेटपासून खालच्या क्रेटपर्यंत प्रत्येक खड्डा पोचतो. सोयाबीनसाठी घातलेला पाटा संत्र्याला मार देतो. बागवान मग भाव पडल्याचा दोष व्यापाऱ्याला देतो, आणि व्यापारी बराच वेळा दोषी असतोही, पण प्रत्येक वेळी नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे गेली कित्येक वर्षे असेच चालते आहे, काही झाले नाही. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. अनुभव हाही पुरावाच असतो. पण ज्या परिस्थितीत तो मिळाला ती परिस्थिती तरी तशीच राहिली आहे का, हे पाहावे लागते. अमरावती–अकोला रस्ता कित्येक वर्षे इतका खराब होता की भरलेली गाडी ताशी चाळिसाच्या पुढे न्यायचे कोणाच्या मनातही येत नसे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टप्प्यात ७५ किलोमीटर एकेरी लेनचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाचे कौतुक व्हायचे तेवढे झाले. गाडीवाल्यासाठी महत्त्वाचे ते वेगळे आहे: तीच पिकअप, तेच वाढवलेले पाटे, आणि आता वेग ताशी ऐंशी. धावत्या गाडीतली जी ऊर्जा ब्रेकने जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते. तीन टन एकूण वजनाची गाडी चाळिसाने धावत असताना ब्रेकला जेवढे काम पडते त्याच्या चौपट काम ऐंशीला पडते. त्यात एक टन जादा टाकला तर पाचपटीहूनही अधिक. जुना अनुभव खोटा नव्हता, तो चाळीसच्या वेगाचा होता. ज्या बदलाला खड्ड्यांनी सांभाळून घेतले त्याला गुळगुळीत रस्ता सांभाळून घेईलच असे नाही.

पैशाचा आक्षेप याहून वजनदार आहे. भाडे क्विंटलवर ठरत असेल तर प्रत्येक जादा पोते म्हणजे रोख रक्कम, आणि गाडीचा हप्ता महिन्याच्या महिन्याला दारात उभा असतो. कर्ज काढून एक पिकअप घेतलेल्या तरुणाला कापसासाठी एक आणि सोयाबीनसाठी दुसरी गाडी ठेव म्हणणे हा विनोद आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच हिशेब पूर्ण मांडला पाहिजे असे वाटते. घरगुती बदलात सर्वांत आधी जे वाढते ते गाडीचे स्वतःचे वजन. ४० मिमीचा, ५ मिमी जाडीचा अँगल मीटरला सुमारे तीन किलो भरतो; कापसाच्या कायमच्या सांगाड्याला पन्नास मीटर अँगल लागला तर दीड क्विंटल लोखंड गाडीवर कायमचे चढले. फरशीवर ३ मिमीचा पत्रा टाकला तर चौरस मीटरला साडेतेवीस किलो, म्हणजे पूर्ण हौद्याला आणखी एक क्विंटलच्या वर. दोन्ही मिळून अडीच क्विंटल. १३०० किलो क्षमतेच्या गाडीतली जवळपास पाचव्या हिश्शाची जागा मालकाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या लोखंडाला दिली, तीही भरल्या फेरीला आणि रिकाम्या फेरीलाही. त्याचे डिझेल, टायर, लायनर कोणी क्विंटलवर मोजून देत नाही. ‘मजबूत काम’ या शब्दाने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. वजनकाट्यावर चढेपर्यंत मजबुती फुकट वाटते.

या हिशेबात गावाचाही वाटा आहे, जो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला आणि जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम असा की एक्सलवरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. दीडपट भाराला पाचपट नुकसान, दुप्पट भाराला सोळापट. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या मातीवर, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, गावचे रस्ते आधीच तग धरून असतात. पांदण रस्त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करणारा आणि त्याच पांदणीवरून दोन टन तूर नेणारा माणूस एकच असू शकतो. यात ढोंग शोधण्यापेक्षा एवढेच ध्यानात घ्यावे की जादा पोत्याचे पैसे एकाला मिळतात आणि त्याची किंमत सगळे गाव पुढच्या जुलैत चिखलात मोजते.

कायद्याबद्दल गाडीवाल्यांत जेवढी भीती आहे तेवढी माहिती नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय हेही दिले आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचे मूळ स्वरूप बदलते. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले, ज्यात मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. जादा भाराला कलम १९४ प्रमाणे वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आणि माल बाजूने, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी वीस हजार, जे कापूसवाल्याने विशेष लक्षात ठेवावे, कारण त्याचे वजन नियमात असूनही तो यात सापडतो. एवढे वाचून कोणीही म्हणेल की मग सगळेच बेकायदा. तसे नाही. ताडपत्रीच्या काढता येणाऱ्या कमानी, दोर बांधायच्या कड्या, हौद्यातली रबरी चटई, परावर्तक पट्ट्या, चिखलरोधक, क्रेट अडकवायची आडवी पट्टी यांनी गाडीचे मूळ स्वरूप बदलत नाही. चेसिस लांबवणे, हौदा रुंद करणे, जादा आसने टाकून माणसे बसवणे यांनी ते बदलते. मधला पट्टा धूसर आहे हे खरे, आणि पासिंगच्या दिवशी तो धूसर पट्टा कोणाच्या तरी मर्जीवर जातो हेही खरे. पण ज्याला कायमची वेगळी बॉडी हवीच आहे त्याच्यासाठी सरळ वाट उपलब्ध आहे: कंपन्या हौद्याशिवाय नुसती केबिन आणि चेसिस विकतात, त्यावर नियमानुसार बॉडी बांधून घेऊन तिच्यासह नोंदणी करता येते. ती वाट गाडी घेण्याआधी सुरू होते, नंतर नाही, हीच तिची अडचण.

कंपनीला आमचे रस्ते आणि आमचा माल काय कळणार, हा आणखी एक आक्षेप. यात तथ्य बरेच आहे. कंपनी देशभरासाठी एक गाडी बनवते, खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या चिखलासाठी किंवा वरूडच्या क्रेटसाठी नाही. आणि स्थानिक कारागिराची बुद्धी कमी लेखण्याचे काही कारण नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल गावोगावी पोचली, ती लोखंडाला जाणणाऱ्या हातांमुळेच. कंपन्यांनाही हे कळते. एकाच पिकअपच्या वेगवेगळ्या लांबीच्या हौद्यांच्या, वेगवेगळ्या क्षमतेच्या आवृत्त्या बाजारात आहेत त्या ग्राहकांच्या गरजा पाहूनच. पण कारागिराचे ज्ञान जिथे डोळ्यांना दिसते तिथे पक्के असते, आणि गाडीतल्या काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. चेसिसचा चॅनल घ्या. बॉडी आवळायला सोयीची जागा म्हणून त्याच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडले जाते. वाकणाऱ्या चॅनलमध्ये सर्वाधिक ताण याच दोन पट्ट्यांत असतो, मधल्या उभ्या भागात तो सर्वांत कमी. चुकीच्या जागी पाडलेल्या भोकापासून चीर कधी सुरू झाली हे कळतही नाही. यू-बोल्टने आवळणे आणि मध्ये लाकडी पट्टी देणे ही जुनी ट्रकवाल्यांची रीत भोकापेक्षा कितीतरी शहाणी आहे. दुसरी न दिसणारी गोष्ट विजेची. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा कारभार ईसीयू नावाच्या डब्याकडे आहे. बॅटरीच्या वायरी न काढता हौद्यावर वेल्डिंग केले आणि अर्थिंगचा चिमटा दूर कुठेतरी लावला, तर तो प्रवाह नको त्या वाटेने फिरून हा डबा निकामी करू शकतो. जुन्या टाटा ४०७ वर किंवा मेटॅडोरवर हात बसलेल्या वेल्डरला याची सवय नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही; त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

रात्रीच्या रस्त्यावर रोही आडवा येतो, रानडुकरांचा कळप येतो, म्हणून पुढे लोखंडी गार्ड हवेच, असे इथला प्रत्येक गाडीवाला सांगतो. भीती खरी आहे; रोह्याची धडक पत्र्याला सोसत नाही. तरी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड हटवायला सांगितले, त्यामागे कारण होते. पुढचा पत्रा चेपून धडकेचा जोर खातो. गार्ड न चेपता तो जोर थेट चेसिसवर आणि आतल्या माणसांवर टाकते, आणि समोर रोह्याऐवजी सायकलवरचा माणूस असेल तर त्याला वाचायची संधी उरत नाही. रोह्यावरचा खरा उपाय तो लवकर दिसणे हा आहे, आणि इथे घरगुती सुधारणेला मोठा वाव आहे. मूळ हेडलाइटचा बल्ब ५५-६० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे पाच अँपिअर. त्याच वायरिंगवर शंभर वॅटचे दोन बल्ब लावले की सोळा अँपिअरच्या वर प्रवाह जातो, वायर तापते, स्विच जळतो, आणि मागे कापूस असतो हे विसरून चालत नाही. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, एवढे केले तर मूळ बल्बही जास्त उजेड देतो, कारण जुन्या वायरीत गळणारे व्होल्टेज त्याला मिळू लागते. हॅलोजनच्या भांड्यात घातलेला एलईडी मात्र उजेड सगळीकडे उधळतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि रोही अंधारातच राहतो. शिवाय मागे पाटे वाढवून उंच झालेल्या गाडीचा झोत रिकाम्या फेरीला चाकांपुढेच पडतो. एका बदलाचा हिशेब दुसऱ्यात कसा निघतो ते इथे दिसते.

लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या डीजे-गाड्यांवर फार लिहावेसे वाटत नाही. पिकअपवर जनरेटर आणि दोन मजली स्पीकरची भिंत चढवणे हा मालवाहतुकीचा विषय नाही, आणि विजेच्या तारांखालून ती भिंत नेणाऱ्यांना या पुस्तिकेची गरज वाटेल असेही नाही. त्याऐवजी ज्या बदलाकडे कोणी पाहतच नाही त्याचा उल्लेख करतो: चालकाची केबिन. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेमुळे कलम १४४ लावले. त्या उन्हात पिकअपची पत्र्याची केबिन, खाली इंजिन, समोर काच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण पिकअप साडेतीन टनांच्या आतली, म्हणून तिचा चालक त्या नियमाच्या सावलीबाहेर राहिला. छताला आतून उष्णतारोधक थर, मागच्या काचेला पडदा, छोटा पंखा, पाठीला आधार देणारी गादी, यांचे वजन पाच-दहा किलो आणि खर्च एका पाट्याइतका. कापसाच्या रात्रफेरीत डुलकी लागलेला चालक हा तुटलेल्या एक्सलइतकाच धोकादायक, तरी वऱ्हाडात हौद्यावर पन्नास हजार घालणारा मालक केबिनवर पाचशे घालत नाही. अनेकदा चालक आणि मालक एकच असतात, हे अधिकच नवल.

आता या प्रस्तावनेच्या मुख्य म्हणण्यावरचाच आक्षेप. काढता-घालता येणाऱ्या वस्तू खडखडतात, नट ढिले होतात, जाळी अंगणात ठेवली की चोरीला जाते, आणि हंगामाच्या घाईत कोण काढत बसणार? हे सगळे बरोबर आहे. काढता येणे हा गुण काही कामांत दोषही ठरतो: दोर बांधायची कडी पक्कीच हवी, रिलेचे वायरिंग पक्केच हवे, गंजलेल्या फरशीचा तुकडा कापून नवा लावायचा तर तो वेल्डच हवा. म्हणून कसोटी काढता येण्याची नसून, आज ज्या मालासाठी बदल केला तो माल उतरल्यावर तो बदल गाडीला काय करायला भाग पाडतो याची आहे. कडी रिकाम्या गाडीत काहीच करत नाही. अँगलचा सांगाडा रोज दीड क्विंटल वाहायला लावतो आणि सोयाबीनच्या दिवशी आणखी पाच पोती चढवायला सांगतो. जाळी चोरीला जाण्याची भीती असेल तर ती बिजागरीने आत दुमडणारी करता येते. खडखडाट रबरी पट्टीने जातो. घाईवर मात्र पुस्तिकेकडे उपाय नाही.

म्हणून या पुस्तिकेचे पहिले प्रकरण वेल्डिंगचे किंवा पाट्यांचे नसून वजनकाट्याचे आहे. कोणताही बदल करण्याआधी रिकामी गाडी, डिझेलची टाकी भरून, जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर तीनदा उभी करावी: एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाके, एकदा फक्त मागची. नोंदणी प्रमाणपत्रावरचे रिकामे वजन आणि काट्यावरचे रिकामे वजन यांतला फरक हा आजवर केलेल्या सगळ्या बदलांचा भार होय. तो एकूण क्षमतेतून वजा केला की जो आकडा उरतो तेवढाच माल गाडीला न्यायचा आहे. तो आकडा, किलोत आणि आपल्या नेहमीच्या पोत्यांतही, फाळक्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा. प्रत्येक नव्या बदलानंतर काटा पुन्हा करावा आणि आकडा खोडून नवा लिहावा. पुढच्या सर्व प्रकरणांत तो आकडा वाचकापाशी आहे असे गृहीत धरले आहे.